सर्विसला दिलेली गाडी

मिनर्व्हा सर्कल आलं तरी सुचेतानं पिशवीतली वस्तू बाहेर काढली नव्हती. जयनगरहून निघताना तिनं मनाशी ठरवलं होतं, लालबागेच्या फाटकापाशी काढायची. तिथं सुधींद्रराव बुटाची नाडी बांधायला थांबलेही होते, आणि तिचा हात पिशवीत गेलाही होता. पण नाडी बांधता बांधता ते पूर्वीच्या डबलडेकर बसची काहीतरी गंमत सांगत होते. अशा वेळी कसं काढायचं? तिनं हात तसाच मागं घेतला.

"पाय दुखतात काय, अक्का? ऑटो करू?"

"नाही हो, अण्णा. मी नागपूरची आहे. उन्हात चालायची सवय आहे मला."

"हे कुठलं ऊन! ह्याला तुमच्याकडं सावली म्हणत असतील."

ती हसली. तेही स्वल्प हसले. स्वल्प हा त्यांचाच शब्द. चहात साखर स्वल्प, गुडघा दुखतो तो स्वल्प, आणि रिटायर झाल्यावर हातात आलेले पैसे, तेही स्वल्प. मराठी त्यांच्या घरात तीन-साडेतीनशे वर्षं बोलली जात होती, पण ती बेंगळुरूच्या पाण्यावर वाढलेली. "फौजेबरोबर आलो आम्ही," ते सांगायचे. "फौज परत गेली. आमच्या मूळपुरुषाची गाडी चुकली, ती चुकलीच."

सुचेता त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची. नवऱ्याच्या, पुरुषोत्तमच्या, नोकरीपायी ह्या गावात आली, तेव्हा तिला ना कन्नड येत होती, ना धड इंग्रजी. दर गुरुवारी मठात जायची, कोपऱ्यात बसून पोथी वाचायची, घरी यायची. तिथंच एकदा कुणीतरी मागून म्हणालं, "तुम्ही मराठी काय गं?" त्या अनुसूयाबाई, सुधींद्ररावांच्या पत्नी. तेव्हापासून सुचेताला ह्या गावात एक घर होतं.

त्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं, आणि कपाटभर मोटारी. बोटभर लांबीच्या, काही तळहाताएवढ्या. ओतीव धातूच्या, खऱ्या गाड्यांच्या बरहुकूम बनवलेल्या. सुधींद्ररावांनी त्यातली एकही नवी विकत घेतलेली नव्हती. होसकोट्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. पगारात घर चाललं, मुलगी संहिता शिकली, मैसूरला नांदायला गेली. शौकासाठी वेगळं काही उरलं नाही. म्हणून ते आजच्यासारखे दर रविवारी चालत चिकपेटेत जायचे. तिथल्या गल्ल्यांत फुटपाथवर जुना बाजार भरतो. भंगाराच्या ढिगात हात घालून ते चाक नसलेली, टप चेपलेली, मुलांनी दगडानं ठेचलेली गाडी शोधून काढायचे, आणि घरी आणून नवी करायचे.

त्यांची रीतच वेगळी होती. लोणच्याच्या जुन्या बरणीत कॉस्टिक सोडा कालवून गाडी त्यात बुडवायची, रंग सुटला की दात घासायच्या ब्रशनं खरवडायची. आस तुटला असेल तर सायकलच्या आऱ्याचा तुकडा. काचा हव्यात, तर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा प्लास्टिकचा फुगा कापून. पुढचे दिवे म्हणजे अनुसूयाबाईंच्या टिकल्यांवरचे खडे. रंग मात्र खऱ्या गाडीचा: गॅरेजवाल्यांकडं डब्याच्या तळाशी उरलेला रंग होमिओपॅथीच्या बाटलीत मागून आणायचा. एका गाडीला कधी महिना लागायचा, कधी वर्ष. घाई कशाची? "आपल्याला कुठं शोरूम काढायचीय," ते म्हणायचे.

त्यातली पहिली गाडी क्रीम रंगाची फियाट. लग्नाच्या पहिल्या वर्षी केलेली. तेव्हा अनुसूयाबाईंनी ती तळहातावर धरून सांगून टाकलं होतं, "ही आपली." खरी गाडी त्यांच्या दारात कधी आली नाही. बसथांब्यावर उन्हात उभं राहून बाई विचारायच्या, "आपली गाडी कुठंय हो?" आणि सुधींद्रराव गंभीरपणे म्हणायचे, "सर्विसला दिलीय. आज बसनं जाऊ." सगळा जन्म ही थट्टा चालली. दसऱ्यातल्या आयुधपूजेला गल्लीतले लोक आपापल्या गाड्या धुऊन हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. अनुसूयाबाई त्या फियाटला ओल्या फडक्यानं पुसायच्या, टपावर एक शेवंतीची पाकळी ठेवायच्या, बॉनेटवर कुंकू लावायच्या आणि चाकाखाली मिरीचा दाणा ठेवायच्या. लिंबाच्या ऐवजी. वर्षानुवर्षं लावलेल्या त्या कुंकवानं बॉनेटचा रंग तेवढ्यापुरता तांबूस झाला होता. सुधींद्ररावांनी तो डाग कधी काढला नाही.

टाऊन हॉलच्या अलीकडं एका टपरीवर ते कॉफीला थांबले. आता नाही तर कधीच नाही. सुचेतानं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि बाकड्यावर त्यांच्यापुढं ठेवून उघडली. आत लाल जीप होती.

सुधींद्ररावांनी जीपकडं बघितलं. हात लावला नाही.

"दार उघडतं तिचं," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं. बघितलंत काय?"

"बघितलं." तिनं जीप त्यांच्याकडं सरकवली. "अण्णा, मला वाटतं ही चुकून आली माझ्याकडं. सगळ्यांकडंच चुकून गेल्यात."

संक्रांतीनंतरच्या रविवारी अनुसूयाबाईंनी हळदीकुंकू केलं होतं. सुधींद्रराव नेहमीसारखे बाजारात गेले होते. बाई छान नटून बसल्या होत्या. तिळगूळ, उसाचे करवे, साखरेच्या पांढऱ्या बाहुल्या, सगळं जागच्या जागी. आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातावर एकेक मोटार. बायका आधी चपापल्या, मग हसायला लागल्या. भजनी मंडळाच्या कस्तुराबाई तर क्रीम रंगाची फियाट पदरात घेऊन ओरडल्या होत्या, "अय्यो अनुसूया, ह्या वयात मला गाडी! लायसन कोण देणार गं?" अनुसूयाबाई सगळ्यांत जास्त हसल्या. सुचेताही हसली होती. म्हातारा-म्हातारी पसारा आवरतायत, असंच सगळ्यांना वाटलं.

आठवड्यानं ती डबा परत द्यायला वर गेली, तर काचेचं कपाट मोकळं, आणि सुधींद्रराव त्याच्यापुढं खुर्ची घेऊन बसलेले. टेबलावर स्टीलच्या छोट्या वाट्यांचा खोका तसाच पडला होता, न फोडलेला. वाणासाठी आणलेल्या वाट्या. तो खोका बघून मोटारी कशा वाटल्या गेल्या ते तिला कळलं.

"चुकून नाही," सुधींद्रराव आता म्हणाले. "तिनं हळदीकुंकू लावून दिलं. वाण आहे ते. मी परत घेतलं, तर तिचं देणं खोटं होतं."

"पण काकूंना..."

"तुम्हाला कळलंय, हे मला ठाऊक आहे." त्यांनी कॉफीचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "तुम्ही कुणाला बोलणार नाही, हेसुद्धा ठाऊक आहे. म्हणून तर आज येते म्हणालात, तेव्हा नको म्हणालो नाही."

वर्षभर चाललं होतं हे. आधी मीठ दोनदा पडायचं. मग मठातून घरी येताना बाई भलत्याच गल्लीत वळल्या. मग संहिताचं नाव आठवेना. चार माणसांत मात्र कुणाला कळायचं नाही, इतकं गोड बोलायच्या; आणि जिथं अडायच्या तिथं सुधींद्रराव पुढं होऊन भलताच विषय काढायचे. लोक म्हणायचे, म्हातारपणी हे बायकोला बोलूच देत नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतलं. मुलीलाही सांगितलं नव्हतं. अनुसूयाबाई भजनी मंडळात सगळ्यांना चाली शिकवायच्या. त्यांच्याकडं कुणी कीव करून बघावं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

"सगळ्या गेल्या त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण आता रोज दिवा लावला की ती पर्स घेऊन दारापाशी बसते. आपली गाडी कुठंय, म्हणते. मी म्हणतो, सर्विसला दिलीय. जन्मभर म्हणत आलो तेच. पूर्वी हसायची. आता खरं धरते. किती दिवस लागतात सर्विसला, म्हणून रडते. गाडी आल्याशिवाय जेवत नाही."

"मग काही खातच नाहीत?"

"दूध पाजतो. तेसुद्धा सांडते."

सुचेताच्या डोळ्यांपुढं कस्तुराबाईंचा पदर आला, आणि त्यातली ती क्रीम गाडी. "अण्णा, फियाट कुणाकडं गेली ते मला माहीत आहे. माझ्यासमोर दिली त्यांनी. ती..."

"नको!" त्यांनी एवढ्या जोरात हात वर केला की टपरीवाला बघायला लागला. मग हळू आवाजात म्हणाले, "नाव सांगू नका. नाव कळलं तर माझे पाय रोज तिकडं वळतील. आणि मागायला गेलो, तर का मागतोस ते सांगावं लागेल. सरी, ठीक आहे, चला. ऊन वाढलं."

जीप त्यांनी स्वतः रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवली.

चिकपेटेत त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुने चष्मे, नळाच्या तोट्या, फुटके मोबाइल, एका पायाचे बूट. सुधींद्रराव बसत, उठत, ढिगात हात घालत पुढं चालले होते. उठताना प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात टेकायचे. ह्या बाजारात अगदी तशीच दुसरी फियाट मिळेल ही आशा वेडीच होती, आणि तरी सुचेताचा ओठातल्या ओठात जप सुरू झाला होता. देवापाशी भंगारातली मोटार मागतोय आपण, असं वाटून तिला कसंतरीच झालं. पण तिनं जप थांबवला नाही.

मिळाली. एका टोपीवाल्या म्हाताऱ्याकडं, स्क्रूच्या डब्यात. कुणीतरी भडक हिरवा रंग फासलेली, टप आत गेलेला, चाकं गायब. सुधींद्ररावांनी ती उलटी केली, तळाशी कोरलेलं नाव वाचलं, आणि तिच्याकडं न बघताच मान हलवली.

"किती?"

टोपीवाल्यानं आकडा सांगितला. सुधींद्ररावांनी पाकीट काढलं.

"काय सार?" टोपीवाला दचकलाच. "इतक्या वर्षांत तुम्ही कधी पहिल्या बोलीला पैसे दिले नाहीत. तब्येत बरी आहे ना? भांडा स्वल्प!"

"आज नको."

त्यानं पैसे घेतले, आणि न मागता मूठभर जुनी चाकं कागदात बांधून दिली.

पुढचे काही आठवडे सुचेता दुपारी वर जायची. ती अनुसूयाबाईंशेजारी बसून हळू आवाजात स्तोत्र म्हणायची. शब्द कुठलेही चुकले तरी बाई बोटानं ताल धरायच्या, तो कधी चुकला नाही. सुधींद्रराव बाल्कनीतल्या स्टुलावर काम करायचे. हिरवा रंग निघाला. टप आतून लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून वर आणला. गोळ्यांच्या पाकिटांना आता तोटा नव्हता. अनुसूयाबाईंच्या डोक्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं डबाभर साठली होती. त्यातलीच एक काच झाली. क्रीम रंग नेमका तोच जमेना, एकदा पिवळट झाला, एकदा पांढुरका. दोनदा सगळा खरवडून पुन्हा लावला. ते श्वास रोखून ब्रश फिरवायचे, आणि मग बराच वेळ खोकत बसायचे.

"मला एक सांगा," एकदा सुचेता म्हणाली, "जुनी गाडी नवी करता, तेव्हा ती जुनीच असते की नवी होते?"

"हे मठात विचारा," ते म्हणाले. "मी स्टोअरकीपर. माल आला आणि माल गेला, एवढंच मला कळतं."

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी गाडी झाली. जुनी आणि ही शेजारी ठेवली असती, तर सुचेताला ओळखता आली नसती. फक्त बॉनेट स्वच्छ होतं. तिथं कुंकू लावून, पुसून जुनं दिसेल असं करावं, हे त्यांच्याही मनात येऊन गेलं असणार. ते बराच वेळ बॉनेटकडं बघत होते. पण केलं नाही.

दिवेलागणीला त्यांनी सुचेताला बोलावून घेतलं. अनुसूयाबाई दारापाशी खुर्चीवर बसल्या होत्या. केस विंचरलेले, मांडीवर पर्स. देवापुढं निरांजन तेवत होतं.

"आपली गाडी कुठंय हो?"

"आली," सुधींद्रराव म्हणाले. "सर्विस झाली. ही बघ."

बाईंनी गाडी तळहातावर घेतली. एखादं पाखरू घ्यावं तशी. चाकं फिरवली, काचेतून आत बघितलं. मग अंगठा बॉनेटवर टेकवला आणि सावकाश फिरवत राहिल्या. एकदा, पुन्हा एकदा. सुचेतानं डोळे मिटून घेतले.

"सुंदर केलीत हो," बाई म्हणाल्या. आवाजात खरं कौतुक होतं. तेच, इतक्या वर्षांचं. "तुमच्यासारखं काम कुणाला येत नाही. कुणाची आहे?"

सुधींद्रराव खुर्चीशेजारी खाली बसले.

"ज्यांची असेल त्यांना देऊन टाका लगेच. वाट बघत असतील बिचारे." त्यांनी गाडी परत त्यांच्या हातात दिली, पदर सारखा केला, आणि दाराकडं तोंड करून बसल्या. "आपली कधी येणार?"

त्या रात्री त्यांनी दूधसुद्धा घेतलं नाही, असं सुधींद्ररावांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

उगादी गेली. बाई वाळत चालल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालून भरवावं लागेल. गुरुवारी मठात कस्तुराबाईंनी सुचेताला गाठून विचारलं, "काय गं, अनुसूया दिसत नाही ती? त्या बुवानं कोंडून ठेवलीय काय?" आणि शेजारच्या दोघींकडं बघून भुवया उडवल्या. कस्तुराबाई मनानं वाईट नव्हत्या. पण त्यांच्या कानावर सकाळी गेलेलं संध्याकाळी सगळ्या मंडळाला ठाऊक झालेलं असायचं. सुचेतानं "गुडघे दुखतात त्यांचे" असं काहीतरी सांगितलं. मठात उभं राहून सांगितलेलं खोटं. घरी आली आणि देवापुढं बसली, तर हात जोडूनही शब्द येईनात.

दुपारी सुधींद्रराव खाली आले. ते कधी असे न सांगता यायचे नाहीत. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. दाढी वाढलेली. शर्टाच्या बाहीला अजून क्रीम रंगाचा थेंब होता.

"झोपलीय स्वल्प," ते म्हणाले. "मला लगेच वर जायचंय."

"आत तरी या, अण्णा. पाणी देते."

"नको. अक्का, त्या दिवशी तुम्ही नाव सांगत होता, मी सांगू दिलं नाही. आतासुद्धा सांगू नका. तुम्हीच जा त्यांच्याकडं. आमची गाडी मागून आणा."

सुचेता उंबऱ्यापाशी आली. "वाण आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. दोष लागायचा तर मला लागू दे." त्यांनी चौकटीला हात टेकवला. जिन्यात कुणी आहे का बघितलं, आणि आवाज खाली आणला. "पण तिचं काही बोलू नका. ती विसरते, रडते, जेवत नाही, ह्यातलं अक्षर नको. माझं नाव सांगा. म्हणा, सुधींद्ररावांचं डोकं फिरलंय. खेळण्यातल्या गाडीसाठी पोरासारखा हट्ट धरून बसलेत, अन्नाला शिवत नाहीत. बायको लाजेनं अर्धी झालीय, घराबाहेर पडत नाही, म्हणून तिनंच मला पाठवलंय. असं सांगा. हसले तर हसू द्या त्यांना. तुम्ही देवाधर्माच्या, तुम्हाला खोटं जड जातं, ठाऊक आहे मला. पण माझ्यासाठी एवढं एक बोलाल काय, अक्का?"